इंजिन चालते, पण बोट उचलत नाही

भीमेला ऑक्टोबर २०२० मध्ये मोठा पूर आला. उजनी आणि वीर धरणांतून सुटलेल्या पाण्यात खोऱ्यातल्या पावसाची भर पडली. सोन्नच्या बंधाऱ्याखाली नदी पसरली आणि अफजलपूर, जेवर्गी या तालुक्यांतल्या माणसांना बोटींतून बाहेर काढावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये बीदरच्या सीमेपलीकडे, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात, लेंडीचे पाणी रात्रीतून गावांत शिरले. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस सीना आणि भीमा पुन्हा काठ सोडून वाहिल्या. अशा प्रत्येक वेळी शेकडो माणसांचा जीव एका लहानशा यंत्राच्या भरवशावर असतो. बोटीच्या मागच्या फळीला आवळलेले हे पेट्रोल इंजिन आपल्याकडे आउटबोर्ड मोटर म्हणून ओळखले जाते आणि बचाव पथकांतले जवान त्याला ओबीएम म्हणतात.

प्रस्तुत पुस्तक या इंजिनाच्या एकाच तक्रारीबद्दल आहे. इंजिन सुरू होते, आवाजही करते, पण जोर लावत नाही. सुरूच न होणाऱ्या इंजिनाचा विचार इथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. जे इंजिन सुरू होत नाही ते माणसांना काठावरच ठेवते. अर्ध्या ताकदीचे इंजिन त्यांना प्रवाहाच्या मध्यावर घेऊन जाते आणि तिथे दगा देते. भरलेली बोट ताशी वीस किलोमीटरने चालत असेल आणि पाण्याची ओढ ताशी दहाची असेल, तर उलट दिशेने जाताना काठाच्या हिशोबाने दहाचा वेग उरतो. ताकद घटून बोटीचा वेग दहावर आला की बोट पाणी कापत राहते आणि जागची हलत नाही. म्हणून ताकद कमी होण्याच्या तक्रारीला मी या सगळ्या विषयात पहिले स्थान देतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बीदर आणि कलबुर्गीच्या पठारावर बसून बोटीच्या इंजिनावर पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. बीदर जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत वाटले गेले आहे. मांजरा आणि कारंजा गोदावरीकडे जातात, तर बसवकल्याणच्या बाजूने निघणारी मुल्लामारी भीमेच्या वाटेने कृष्णेला मिळते. भालकी तालुक्यात ब्यालहळ्ळीजवळ कारंजा अडवून केलेला जलाशय पाण्याने भरला की डोळ्यांत मावत नाही. मासेमारी तिथे आहे, अमरजा आणि बेन्नेतोराच्या जलाशयांवरही आहे. कर्नाटकाचे पशुवैद्यकीय, पशू आणि मत्स्यविज्ञान विद्यापीठ २००४ पासून बीदरलाच आहे, त्याचे जुने मत्स्य महाविद्यालय मात्र मंगळूरला समुद्राकाठी आहे. गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांची रीघ वर्षभर असते. पूल झाले नव्हते तेव्हा या नद्या हरिगोलातून आणि सांगडीवरून ओलांडल्या जात. नाव हाकणाऱ्याच्या कामाला या मातीत ज्ञानाचा मानही मिळालेला आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होते, आणि ते नावाडी होते. नदीवर माणसे उतरवण्याचे काम करणाऱ्याला विचारवंतांच्या बैठकीत जागा देणाऱ्या प्रदेशात नावेच्या इंजिनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा, यात मला काहीच विजोड वाटत नाही.

या अभ्यासाचे पहिले सूत्र एका प्रश्नात आहे. ताकद तयारच होत नाही, की तयार झालेली ताकद पाण्यापर्यंत पोहोचत नाही? हा प्रश्न न विचारता पान्याला हात घालणारा माणूस अर्धा दिवस कार्ब्युरेटर साफ करतो आणि शेवटी दोष पंख्यात सापडतो. इंजिनात पेट्रोल जळते आणि त्यातून फेरे निर्माण होतात. ते फेरे दांड्यावरून, गिअरवरून पंख्याकडे जातात. पंखा पाणी मागे ढकलतो आणि बोट पुढे जाते. वाटेत कुठेही गळती झाली तरी बोटीत बसलेल्याला एकच गोष्ट जाणवते, ती म्हणजे बोट उचलत नाही.

इथे फेऱ्यांचा आकडा कामाला येतो. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाने मिनिटाला किती फेरे द्यावेत हे कंपनीने ठरवून दिलेले असते. बहुतेक लहान आउटबोर्डांत ते पाच ते सहा हजारांच्या आसपास असते. फेरे हवेत त्याहून जास्त आहेत आणि बोट मात्र रेंगाळते आहे, तर इंजिन निर्दोष आहे. पंख्याच्या मधला रबरी बुश घसरतो आहे, पंखा हवा ओढतो आहे किंवा त्याची पाती वाकली आहेत. उलट फेरेच कमी पडत असतील तर एकतर इंजिन अशक्त आहे किंवा त्याच्यावर बोजा अति आहे. प्लगच्या वायरीला गुंडाळून फेरे मोजणारे छोटे टॅकोमीटर आता स्वस्तात मिळते. माझ्या मते बोट बाळगणाऱ्या प्रत्येक गटाकडे दोरी आणि जॅकेटांच्या बरोबरीने ते असायलाच हवे.

कानावर भिस्त ठेवता येत नाही, याचे कारण गणितात आहे. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या साधारण घनाने वाढते. त्यामुळे इंजिनाची चौथा हिस्सा ताकद गेली तरी साडेपाच हजारांचे फेरे जेमतेम पाच हजारांवर येतात. एवढा फरक सवयीच्या कानालाही सहज निसटतो. बोटीचे मात्र तसे नाही. सपाट तळाची बोट एका ठराविक वेगानंतर पाण्यावर चढते आणि मग हलकी धावते. चढण्याआधीचा टप्पा तिला सर्वांत जड जातो. ताकद त्या टप्प्याच्या जरा खाली आली की बोट नाक वर करून पाणी ओढत राहते आणि वेग एकदम निम्म्यावर येतो. म्हणजे इंजिनात थोडीशी घट, कानाला जवळपास काहीच नाही, आणि पाण्यावर जमीन-अस्मानाचा फरक. या एका गोष्टीने किती मेकॅनिकांना आणि किती नावाड्यांना आपसात भांडायला लावले असेल! दोघेही खरेच बोलत असतात.

ताकद पाण्यापर्यंत न पोहोचण्याची कारणे बहुधा साधी असतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात. पुराच्या पाण्यात उसाचे पाचट, पऱ्हाट्या, तुराट्या, जलपर्णी आणि बांधावरची तार वाहत येते. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे दांड्यावर गुंडाळला जातो आणि आतला ऑइल सील कापतो. बुडालेल्या बाभळीवर पंखा आपटला की पाती शाबूत दिसतात, पण आतला रबरी बुश सैल होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. बुश आणि पंखा या दोघांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढायची, बोट पूर्ण भाराने चालवायची आणि परत येऊन बघायचे. रेघ तुटून बाजूला सरकली असेल तर दोष तिथेच.

हवेच्या बोटीत आणखी एक फसवणूक असते. दुपारच्या उन्हात फुगवलेली बोट गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते, नळ्या मऊ पडतात, तळ वाकतो आणि ती पाण्यावर चढत नाही. साचलेल्या पाण्याचा हिशोबही करून पाहावा. तीन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळावर पाच सेंटीमीटर पाणी असेल, तर ते जवळपास एकशे नव्वद किलो भरते. तीन माणसांचे हे वजन कोणी मोजत नाही आणि दोष इंजिनाला लागतो.

आता ताकद तयारच होत नसेल तर. आउटबोर्डवरची बहुतेक माहितीपुस्तके समुद्रकिनाऱ्यासाठी लिहिलेली आहेत आणि ती मिठाच्या भीतीने भरलेली आहेत. कोकणातल्या मच्छीमाराला ते बरोबर लागू पडते, कारण त्याचे इंजिन रोज चालते आणि रोज खारवते. आपल्या पठारावरच्या इंजिनाची दुखणी वेगळी आहेत. ते गोड्या पाण्यात चालते, पण वर्षातले दहा महिने पडून असते. या पुस्तकाची रचना त्या फरकावर उभी आहे.

पडून राहण्याने सर्वांत आधी पेट्रोल बिघडते. त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो आणि केसाएवढे भोक आणखी बारीक होते. मंद चालीत इंजिन ठीक वाटते, थ्रॉटल उघडले की पेट्रोल पुरत नाही. त्यात इथेनॉलची भर पडली आहे. देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळते. बीदर, लातूर, सोलापूर हा सगळा ऊसपट्टा, तेव्हा या इंधनाशी आपले नाते शेतापासूनचे आहे. इथेनॉल शेतकऱ्याच्या हिताचे आहे आणि त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण ते हवेतले पाणी शोषते. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, त्याहून जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. म्हणून पहिली चाचणी काचेच्या पारदर्शक बाटलीची. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल तिच्यात काढावे, थोडा वेळ स्थिर ठेवावे आणि तळाशी वेगळा थर दिसतो का ते पाहावे. ही चाचणी करताना विडी-काडी, मोबाइल, चालू दिवा यांपैकी काहीही जवळ नको.

उंचीचाही हिशोब आहे. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. तेवढ्या उंचीवर हवा पाच-सहा टक्के विरळ असते आणि इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच घटते. मे महिन्याच्या चाळीस अंशांत आणखी पाच टक्के जातात. म्हणजे मालवणला चाळीस अश्वशक्ती देणारे इंजिन मेमध्ये कारंजाच्या पाण्यावर छत्तीसच्या आसपास देईल आणि त्यात बिघाड काहीच नसेल. मजेची गोष्ट अशी की विरळ हवेमुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढते, तर वीस टक्के इथेनॉलमुळे ते सात-आठ टक्क्यांनी कमी पडल्यासारखे होते. दोन ओढी विरुद्ध दिशांच्या आहेत, पण बरोबरीच्या नाहीत. इथेनॉलची ओढ जास्त आहे, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचे इंजिन आपल्याकडे बहुधा पेट्रोलला तहानलेले चालते आणि जास्त तापते. हा तपशील मला कुठल्याही किनाऱ्यावरच्या पुस्तकात सापडला नाही. या विषयावर आपल्या भागातच संशोधन व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तापण्याला दुसरे कारण गाळाचे. इंजिन नदीचे पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. ते ओढणारा रबरी इंपेलर भीमेच्या वाळूने झिजतो आणि काळ्या मातीचा बारीक गाळ आतल्या वाटांत थर धरतो. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती बारकाईने बघत राहायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. धार क्षीण झाली की तपासावे. आधी धार पडते त्या तोंडातच कचरा अडकला आहे का ते पातळ तारेने बघावे, कारण पुष्कळदा पंप ठीक असतो. नव्या इंजिनांत तापमान वाढले की यंत्रणा स्वतःहून फेरे खाली आणते. माणसाला वाटते ताकद गेली. खरे तर इंजिन स्वतःला वाचवत असते. अशा वेळी थ्रॉटल पिळत राहणे म्हणजे त्याचा जीव घेणे. आणि पाण्याबाहेर इंजिन चालवून बघण्याचा मोह आवरावा. कोरडा इंपेलर पाहता पाहता जळतो.

उरलेल्या तपासणीचा क्रम पुस्तकात विस्ताराने येईल, इथे त्याचा मासला देतो. इंजिन पाच-दहा मिनिटे नीट चालून दम सोडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहावे. तो बंद असला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येईनासे होते. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा त्या वेळी चपटा पडलेला दिसतो. फुगा दाबत राहिल्याने इंजिन सुधारत असेल तर पेट्रोल पंप अशक्त आहे किंवा नळी कुठेतरी हवा घेते आहे. फुगा दाबूनही फरक पडत नसेल तर पुढे ठिणगीकडे वळावे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात एकेका प्लगची ठिणगी चाचणीच्या साधनाने बंद करून पाहतात. ज्याची बंद केल्यावर आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच झोपलेले असते. प्लगवरून सुटलेली वायर इंजिनाच्या अंगाला नीट जोडल्याशिवाय आणि शिकवणाऱ्याच्या देखरेखीशिवाय विद्यार्थ्याने हे करू नये. त्यात हजारो व्होल्टचा दाब असतो. सर्वांत शेवटी कॉम्प्रेशन. तिथे एकट्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो, आणि तो दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर रिंगा, गास्केट किंवा सिलिंडरच झिजले आहे असे समजावे. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदल लिहून ठेवायचा. मुरलेला वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा देत नाही, तीच शिस्त इथे हवी.

विषयाचा इतिहास मोठा नाही, पण वाचण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये ग्युस्ताव त्रुव्हे यांनी १८८१ मध्ये सीन नदीवर नावेच्या मागे लावायची विजेची मोटर चालवून दाखवली. इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास झडपांची गुंतागुंत टाळणारे टू-स्ट्रोक इंजिन पुढे आणले, आणि पुढची कित्येक दशके लहान बोटींवर त्याच तत्त्वाचे राज्य होते. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आउटबोर्डचा धंदा उभा केला. जपानच्या यामाहाची पहिली आउटबोर्ड १९६० ची. आज फोर-स्ट्रोक इंजिने वाढली आहेत, तरी आपल्याकडचे टू-स्ट्रोक संपलेले नाही. बीदरच्या शेतात पाठीवर घेऊन चालणारा फवारणी पंप तेच तत्त्व वापरतो. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर, हा हिशोब जमणारा शेतकरी या पुस्तकाचे निम्मे ज्ञान घेऊनच येतो. म्हणून फवारणी पंप आणि पाणी उपसणारे छोटे पेट्रोल इंजिन यांची उदाहरणे मी जागोजागी घेतली आहेत. बोट हाताशी नसली तरी विद्यार्थ्याला शिकता यावे, हा त्यामागचा हेतू.

यंत्राचे ज्ञान मराठीत आणि तेही कर्नाटकाच्या सीमेवर रुजवण्याची परंपरा आपल्याला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींपासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. नांगर, पंप, इंजिन या गोष्टी मराठी वाचकाच्या बोलण्यात आल्या त्या अशा प्रयत्नांमुळे. नंतर ही परंपरा विरळ झाली. आज भालकी, हुमनाबाद, आळंदच्या गॅरेजांत उत्तम कारागीर आहेत. गिऱ्हाइकाशी मराठीत, शेजाऱ्याशी कन्नडमध्ये आणि उस्तादाशी दखनीत बोलता बोलता ते इंजिनाचा दोष अचूक पकडतात. पण त्यांचे ज्ञान त्यांच्या हातातच राहते. ते कागदावर येत नाही, त्यामुळे पुढच्या पोराला सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. या पुस्तकातले पुष्कळ निष्कर्ष अशा कारागिरांच्या शेजारी बसून तपासले आहेत आणि जिथे त्यांचा अनुभव छापील पुस्तकाशी जुळला नाही, तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत.

आयटीआयचे विद्यार्थी, मच्छीमार सोसायट्यांचे सभासद, पूर आला की दोरी घेऊन धावणारी गावातली तरुण मंडळी आणि पुरापूर्वी बोटी तयार ठेवण्याची जबाबदारी असलेले अधिकारी, या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे. इंजिनीअरिंगची पदवी लागत नाही. त्रैराशिक यावे, हात स्वच्छ पुसायची सवय असावी आणि पाहिलेले लिहून ठेवण्याचा कंटाळा नसावा. गणिताचे तिसरे प्रकरण जड वाटले तर ते सोडून चौथ्याकडे जावे, हरकत नाही. सुरक्षिततेचे प्रकरण मात्र कोणीही सोडू नये.

एक विनंती आहे आणि ती पुस्तक वाचून संपण्याची वाट न पाहता पाळता येईल. तुमच्या गावात, तालुक्यात, सोसायटीत जी बोट असेल ती मृग लागण्यापूर्वी पाण्यात उतरवा. जुने पेट्रोल काढून टाका, ताजे भरा. जेवढी माणसे पुरात बसवणार तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या तिच्यात ठेवा. चालवणाऱ्याने लाइफ जॅकेट घालून आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधून दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर बोट चालवावी. मिनिटाचे फेरे, बोट पाण्यावर चढायला लागलेली सेकंदे, त्या दिवसाचे तापमान आणि तारीख वहीत लिहा, आणि ती वही इंजिनाच्या पेटीतच ठेवा. पुढच्या वर्षी तीच चाचणी त्याच वजनाने पुन्हा घ्या. आकडा दोनशे फेऱ्यांनी जरी उतरला असला, तरी पाऊस सुरू होण्यापूर्वी इंजिन उघडा.